तारखा जुळवताना: ॲज डॉट डेट की ल्युब्रिडेट?

आर या डेटा विश्लेषणाच्या प्रोग्रामिंग भाषेत दोन फाइली तारखेवरून मर्ज करायच्या, म्हणजे एकमेकींना जोडायच्या आहेत. एकीत तारीख १५/०६/२०२१ अशी, दुसरीत २०२१-०६-१५ अशी. बेस आरचं, म्हणजे आरमध्ये मुळातच असलेलं ॲज डॉट डेट हे फंक्शन वापरावं, की ल्युब्रिडेट या वेगळ्या टाकाव्या लागणाऱ्या पॅकेजचं डीएमवाय (दिवस-महिना-वर्ष) आणि वायएमडी (वर्ष-महिना-दिवस)? मी दोन्ही बरीच वर्षं वापरली आहेत आणि दोन्हींनी काम होतं. तरी माझा कल कुठे आहे आणि का, ते सांगतो.

एकदा माझ्याकडे रुग्णांच्या भेटींची एक फाइल होती आणि लॅब रिपोर्टची दुसरी, दोन्ही २०१९ ते २०२१ या काळातल्या. भेटींच्या तारखांसाठी मी ॲज डॉट डेटला फॉरमॅट, म्हणजे तारीख कशी लिहिली आहे त्याचा साचा दिला, पण वर्षाच्या जागी कॅपिटल वायऐवजी स्मॉल वाय पडला. कॅपिटल वाय म्हणजे चार अंकी वर्ष, स्मॉल वाय म्हणजे दोन अंकी. आरने २०२१ मधले पहिले दोन अंक उचलले, २० म्हणजे २०२० असं धरलं आणि पुढचे २१ सोडून दिले. २०१९ चंही तेच झालं. एरर नाही, वॉर्निंग नाही. सवयीप्रमाणे एनए, म्हणजे वाचता न आल्याने रिकाम्या राहिलेल्या नोंदी मोजल्या, तर त्याही शून्य.

मर्ज अजिबात जुळलं नसतं तर लगेच कळलं असतं. पण ते थोडंफार जुळलं, कारण लॅबच्या फाइलमध्ये २०२० चे रिपोर्ट खरोखरच होते. २०२१ च्या भेटीसमोर २०२० चा रिपोर्ट येऊन बसला. एका रुग्णाच्या एकाच तारखेला दोन भेटी दिसल्या तेव्हा शंका आली. मग वर्षांचं टेबल काढलं, तर सगळ्या ओळी २०२० च्या. तोवर दोन दिवसांचं विश्लेषण झालं होतं. एका अक्षराची चूक इतकी गुपचूप पोटात घालणारं फंक्शन मला तेव्हापासून नकोसं वाटतं.

डीएमवायमध्ये ही चूक करायला जागाच नाही. दिवस, महिना, वर्ष हा क्रम तेवढा सांगायचा. वर्ष दोन अंकी आहे की चार अंकी, मध्ये तिरकी रेघ आहे की डॅश, ते त्याचं ते बघतं. दुसरं म्हणजे, जे वाचता आलं नाही त्याची संख्या ते वॉर्निंगमध्ये सांगतं. समजा फाइलमध्ये महिना आधी आहे आणि तुम्ही चुकून डीएमवाय लावलं. साध्या वर्षातल्या ३६५ तारखांपैकी २२१ मध्ये दिवस १२ च्या पुढे असतो; त्या सगळ्या पडतात आणि आकडा समोर येतो. ॲज डॉट डेटमध्येही त्याच तारखांचे एनए होतात, फक्त ते बोलत नाही. उरलेल्या १४४ मात्र दोन्हीकडे मुकाट्याने वाचल्या जातात, आणि त्यातल्या १२ सोडून बाकीच्या चुकीच्या. तिथे कुठलंच पॅकेज वाचवत नाही. फाइल देणाऱ्याला विचारावंच लागतं.

ॲज डॉट डेटची बाजूही आहे. पॅकेज टाकायला परवानगी नसलेल्या सर्व्हरवर तेच हाताशी असतं. फॉरमॅट पूर्ण लिहिलेला असला की पुढच्या माणसाला फाइल कशी होती ते कळतं. आणि एक्सेलमधून तारखेऐवजी ४३५५८ असा आकडा आला, तर मीही ॲज डॉट डेटकडेच वळतो: टेक्स्टचा अंक करायचा, ओरिजिन (दिवस जिथून मोजायचे ती तारीख) १८९९-१२-३० द्यायचा, की ३ एप्रिल २०१९ मिळते. फक्त फॉरमॅट न देता ते कधी वापरू नका. ०३/०४/२०१९ दिलंत तर ते इसवी सन ३ मधली २० एप्रिल काढून देतं, तेही विनातक्रार.

तुमची फॉरमॅट लिहिण्याची शिस्त पक्की असेल तर बेस आर पुरेसं पडावं. मी नव्या स्क्रिप्टमध्ये ल्युब्रिडेटच घेतो. प्रत्येक फाइलची तारीख मर्जच्या आधी, वेगळ्या ओळीत बदलतो, आणि लगेच दोन्हींच्या वर्षांचं टेबल काढून शेजारी शेजारी बघतो. ते टेबल ॲज डॉट डेट वापरणाऱ्यांनी तर नक्की काढावं.