हयातीचा दाखला फोनवरून: काही महिन्यांचा अनुभव

पेन्शनर हयात असल्याचा दाखला ऑनलाइन काढून देणाऱ्या ‘जीवन प्रमाण’ या सरकारी सोयीचं चेहरा ओळखणारं अ‍ॅप मी नोव्हेंबरपासून वापरतोय. सुरुवात आईच्या फॅमिली पेन्शनपासून झाली, आता ग्वाल्हेरच्या लश्करमधल्या आमच्या गल्लीतली बरीच पेन्शनर मंडळी माझ्याकडे येतात. सरकारी पेन्शनरांना हा दाखला दर नोव्हेंबरात द्यावा लागतो, पण ईपीएफओच्या (भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या) पेन्शनला नोव्हेंबरचं बंधन नाही, दाखला दिल्या दिवसापासून वर्षभर चालतो, त्यामुळे हे काम अजून सुरूच आहे. माझं मत सरळ सांगतो: म्हाताऱ्या माणसांसाठी सरकारने केलेली ही फार चांगली सोय आहे.

२०१४ साली जीवन प्रमाण आलं तेव्हा बोटांचे ठसे किंवा बुबुळ स्कॅन करावं लागे. जन्मभर धुणीभांडी केलेल्या बोटांवर रेषा कुठून उरणार? एका केंद्रावर आईचा अंगठा यंत्र घेईचना. पुसून लावा, दाबून लावा, दुसरं बोट द्या, आणि शेवटी ‘उद्या या’. २०२१ पासून साध्या अँड्रॉइड फोनच्या कॅमेऱ्यावर चेहरा चालतो आणि ही सगळी कटकट संपली.

फोनवर आधार फेस आरडी आणि जीवन प्रमाण अशी दोन अ‍ॅप लागतात. फोन ज्याचा, त्याने आधी आपला आधार, ओटीपी आणि चेहरा देऊन ‘ऑपरेटर’ व्हायचं. मग त्याच फोनवर इतरांचे दाखले काढता येतात. मला हीच गोष्ट सर्वात भावली. आजीकडे स्मार्टफोन नसेल, नातवाकडे असेल, हे अ‍ॅप बनवणाऱ्याने आधीच ओळखलंय.

चेहरा टिपताना पापण्या लववाव्या लागतात. ‘डोळे मिट’ म्हटलं की आई घट्ट मिटून बसते, ‘उघड’ म्हटलं की टक लावून बघते. ‘आई, तू माझ्याशी बोलत राहा’ म्हटलं आणि काम झालं. माजघरात अंधार असतो, म्हणून आता सगळ्यांना अंगणातच खुर्ची देतो.

सुधारणा हवी आहे ती शेवटच्या टप्प्यात. प्रमाण आयडीचा, म्हणजे तयार झालेल्या दाखल्याच्या क्रमांकाचा, एसएमएस आला की मंडळी निश्चिंत होतात. पण दाखला तयार होणं वेगळं आणि पेन्शन देणाऱ्या बँकेने तो स्वीकारणं वेगळं. शेजारच्या काकांचा दाखला एका केंद्रावर भरला होता, त्यात पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) क्रमांकातला एक आकडा चुकला. त्यांच्या बँकेने तो नाकारला, आणि हे काकांना कळलं ते पेन्शन थांबल्यावर! त्या वयात औषधांसाठी मुलाकडे पैसे मागावे लागले त्यांना. तयार झाला, बँकेत पोचला, स्वीकारला, हे तिन्ही टप्पे मोठ्या अक्षरांत पडद्यावर दिसायला हवेत; नाकारला तर कारण पेन्शनरच्या भाषेत कळायला हवं. पीपीओ क्रमांकाच्या रकान्याशेजारी त्या कागदाचा नमुना दाखवला, तर अशा चुका मुळातच टळतील.

घरात फोन हाताळणारं कुणी नसेल तर पोस्टमनला बोलवा, इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेची ही सेवा घरपोच मिळते. केंद्र सरकारच्या पेन्शनरांपैकी वयाची ८० वर्षं पूर्ण केलेल्यांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, त्यांनी नोव्हेंबरच्या गर्दीची वाट बघू नये.