‘गेली’ या शब्दापासून सुरुवात : लहान मुलांच्या शोक-समुपदेशन सेवेचा आमचा अनुभव

माझ्या बहिणीचा मृत्यू मेंदूतील रक्तस्रावाने, घरातच आणि अवघ्या काही मिनिटांत झाला. तेव्हा तिचा मुलगा सहा वर्षांचा होता आणि शेजारच्या खोलीत टीव्ही पाहत होता. आकस्मिक मृत्यू किंवा आघात अनुभवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका केंद्रात आम्ही त्याला जवळजवळ सहा महिने नेत होतो. भाच्याची ओळख उघड होऊ नये म्हणून केंद्राचे नाव देत नाही. मात्र अशी सेवा शोधणाऱ्या घरांना काय पाहावे आणि काय विचारावे हे कळावे, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

आमची सुरुवात चुकीच्या ठिकाणी झाली होती. घटनेनंतर दुसऱ्याच आठवड्यात घाबरून आम्ही त्याला एका समुपदेशकांकडे नेले. त्यांनी पहिल्याच भेटीत त्या सकाळचा सगळा प्रसंग त्याच्याकडून क्रमाने वदवून घेतला, आणि ‘आता मन मोकळे झाले’ असे म्हणून आम्हाला घरी पाठवले. त्या रात्रीपासून त्याने पुन्हा अंथरूण ओले करायला सुरुवात केली. नुकत्याच घडलेल्या आघातानंतर एकाच बैठकीत सगळे बोलून घेण्याची ही पद्धत वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचेही सांगणे आहे. आम्हाला ते फार उशिरा कळले. त्यानंतर काही महिने आम्ही कुठेच गेलो नाही. रोज सकाळी पोटात दुखणे, रुग्णवाहिकेचा आवाज आला की कान दाबून पलंगाखाली जाणे, वडिलांना न्हाणीघरातही एकटे न सोडणे, हे सगळे काळ जाईल तसे ओसरेल अशी आमची समजूत होती. ते ओसरले नाही.

या केंद्राने पहिल्या दोन भेटींना मुलाला आणूच नका असे सांगितले, तेव्हा मला ते विचित्र वाटले. समुपदेशिकाबाईंनी भावोजींना विचारले, “तुम्ही त्याला नेमकं काय सांगितलंत?” ते म्हणाले, “आई गेली, एवढंच सांगितलं.” त्यावर बाईंनी अगदी हळू आवाजात विचारले, “कुठे गेली, असं त्यानं विचारलं का?” त्याने तसे विचारले नव्हते. त्याने विचारले होते, “आई गेली, तर तिच्या चपला इथेच कशा?” आणि या प्रश्नाला घरातल्या एकाही मोठ्या माणसाने उत्तर दिले नव्हते. आपल्या भाषेत मरणासाठी सौम्य शब्दांची कमतरता नाही: गेली, सोडून गेली, देवाघरी गेली. पण या प्रत्येक शब्दात माणूस कुठेतरी निघून जाते, आणि सहा वर्षांच्या मुलाच्या अनुभवात निघून गेलेले माणूस संध्याकाळी परत येते.

काय बोलायचे ते बाईंनी आमच्याकडून आधी मोठ्याने म्हणून घेतले. मला दोनदा थांबावे लागले, कारण ‘मेली’ हा शब्द सख्ख्या बहिणीसाठी जिभेवर येत नव्हता. त्या रात्री भावोजींनी त्याला सांगितले, “आईच्या डोक्यातली रक्त वाहून नेणारी एक नळी फुटली. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, पण तिचं शरीर बंद पडलं. ती मेली. मेलेलं माणूस परत येत नाही.” बराच वेळ गप्प बसून त्याने विचारले, “मग तिला आता थंडी वाजत नाही ना?” मेलेले माणूस परत येत नाही, त्याचे शरीर काहीच करत नाही आणि मरण प्रत्येकाला आहे, या गोष्टी मुलांना साधारणपणे पाच ते सात वर्षांच्या दरम्यान आणि एकेक करून उमगत जातात, हे बाईंनी आधीच समजावले होते. त्यामुळे त्या प्रश्नाला आम्ही घाबरलो नाही, सरळ उत्तर दिले.

पुढची सत्रे खेळाच्या खोलीत झाली. वाळूने भरलेली एक उथळ पेटी आणि फळीवर मांडलेल्या लहान लहान वस्तू, एवढेच तिचे मुख्य साहित्य होते. मुलाला वाळूत आपले जग मांडू देण्याची ही पद्धत ब्रिटनमधील बालरोगतज्ज्ञ व बालमानसोपचारतज्ज्ञ मार्गारेट लोवेनफेल्ड यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस रुजवली. भाचा तिथे दर वेळी एकच खेळ खेळत असे: रुग्णवाहिका निघायची, वाटेत वाळूत रुतायची, पुन्हा निघायची, पुन्हा रुतायची. ती कधीच पोहोचत नसे आणि खेळून झाल्यावर त्याचा चेहरा अधिकच ओढलेला दिसे. १९७६ मध्ये अमेरिकेतील चाउचिला येथे शाळेच्या बसमधून पळवून नेलेल्या २६ मुलांचा अभ्यास करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञ लेनोर टेर यांनी असाच एकसुरी, आनंद न देणारा खेळ नोंदवून ठेवला आहे. तो नुसता पाहत राहून चालत नाही, हे या केंद्राला माहीत होते. पाचव्या सत्रात बाई पेटीजवळ बसल्या आणि म्हणाल्या, “हिला उशीर कशामुळे होतोय?” तो म्हणाला, “त्या मुलानं पाणी आणलं नाही म्हणून.”

आईने त्या सकाळी पाणी मागितले होते आणि तो “थांब” म्हणाला होता. इतके महिने तो हे एकटा वागवत होता. बाईंनी लगेच ‘तुझी चूक नाही’ असे म्हणून विषय मिटवला नाही. पुढच्या सत्रात त्यांनी डोक्याचे चित्र काढून, लाल रंगाने नळ्या रंगवायला लावून, पाण्याने ती नळी जोडता आली असती का, हे त्यालाच शोधू दिले. आमच्या मते या सेवेचे सर्वांत मोठे मोल या दोन तासांत आहे.

केंद्राची मूळ पद्धत म्हणजे जुडिथ कोहेन, अँथनी मॅनारिनो आणि एस्थर डेब्लिंगर यांनी विकसित केलेली, आघातावर केंद्रित बोधात्मक वर्तन उपचारपद्धती, म्हणजे आघातामुळे बदललेले विचार आणि वागणे यांवर काम करणारे उपचार. साधारण १२ ते १६ सत्रांची ही पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये आघातोत्तर तणाव (आघातानंतर दीर्घकाळ टिकणारा मानसिक त्रास) असलेल्या मुलांसाठी सुचवलेल्या उपचारांपैकी एक आहे. आधी शरीर शांत करण्याचे उपाय, मग भावनांना नावे देणे, आणि प्रसंगाची गोष्ट त्यानंतरच, थोडी थोडी, असा तिचा क्रम असतो. आमच्या पहिल्या अनुभवात नेमका हाच क्रम उलटा झाला होता. शोकाचा भाग शेवटी येतो. तेव्हा भाच्याने आठवणींची पेटी केली आणि तिच्यात आईचा चष्मा व तिच्या अक्षरातली सामानाची यादी ठेवली.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. पहिल्या भेटीसाठी पाच आठवडे वाट पाहावी लागली, आणि त्या काळात घरी काय करावे याचे साधे टिपणही मिळाले नाही. सत्रे शाळेच्या वेळेतच असत. शाळेशी बोलणे केंद्राने आमच्यावरच सोडले, त्यामुळे वर्गशिक्षिका त्याच्या पोटदुखीला कित्येक दिवस बहाणा समजत राहिल्या. माझ्या आईला, म्हणजे त्याच्या आजीला, एकदाही बोलावले गेले नाही. दिवसभर त्याच्यासोबत तीच असते आणि तिनेही मुलगी गमावली आहे. ही माझी सर्वांत मोठी तक्रार आहे आणि ती मी त्यांना लेखी दिली आहे.

आई किंवा वडील गमावलेल्या प्रत्येक मुलाला उपचार लागतातच असे नाही. बरीच मुले क्षणात रडतात, क्षणात खेळायला पळतात, आणि खरे बोलणारे, रोज सोबत असणारे एक माणूस त्यांना पुरते. पण महिना उलटूनही मूल तोच प्रसंग पुन्हा जगत असेल, किंवा त्या आठवणीपासून सतत पळत असेल, तर थांबू नका. फोन कराल तेव्हा एवढे अवश्य विचारा: पालकांबरोबर स्वतंत्र सत्रे असतात का, मुलाकडून प्रसंग कधी बोलवून घेता, आणि घरातल्या इतरांना सामील करता का.

शेवटचे सत्र होऊन तीन महिने झाले आहेत. अंथरूण कोरडे असते, पोटदुखी क्वचित होते, रुग्णवाहिकेच्या आवाजाने तो अजून दचकतो पण पलंगाखाली जात नाही. बहिणीच्या चपला दाराजवळून कुणी हलवायच्या, हे आम्हाला ठरवता येत नव्हते. मागच्या आठवड्यात त्याने त्या स्वतः उचलल्या, आठवणींच्या पेटीत मावत नाहीत हे पाहिले आणि माझ्याकडे मोठी पेटी मागितली.