एअर पिस्तूलच्या स्पेअर किटच्या नावाखाली २३,८०० रुपयांना गंडा

नेमबाजी करणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनो, व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी 'न वापरलेलं' स्पेअर किट विकत असेल तर आधी हे वाचा.

मुलीची स्पर्धा बालेवाडीला होती. ऐन मॅचमध्ये पिस्तूल दगा देतं तेव्हा काय होतं ते टोकियो ऑलिम्पिकमध्ये मनू भाकरच्या वेळी सगळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे पिस्तुलाला हवा पुरवणारा जादा सिलेंडर, हवा गळू नये म्हणून लागणाऱ्या ओ-रिंग (रबरी कड्या) आणि सील, एलन की, सिलिकॉन ग्रीस बॅगेत हवंच होतं. बाहेरून मागवायला वेळ नव्हता.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असं किट विकणाऱ्या एका माणसाने निळ्या फोमच्या पेटीचे फोटो पाठवले. खाचेत प्रत्येक सुटा भाग, प्रत्येक ओ-रिंग वेगळ्या पाकिटात. सिलेंडरमध्ये २०० बार हवेचा दाब, ट्रिगर ओढायला ५०० ग्रॅम जोर, सगळं तोंडपाठ. असं बोलणाऱ्यावर कोण संशय घेईल? सिलेंडर १७,५००, सील सेट ४,८००, कुरियर १,५००.

सिलेंडरवर कोरलेल्या तारखेचा फोटो मागितला, तर नेमका त्या तारखेवरच स्टिकर! "काढला तर डाग राहतो दादा, नवा पीस आहे." तिथेच व्यवहार तोडायला हवा होता. क्यूआरवर नावही भलत्याच मोबाइल दुकानाचं. पण स्पर्धा तोंडावर आली होती, आणि हे त्याला पक्कं माहीत होतं.

पेटी आली. स्टिकरखाली तारीख कानशीने घासलेली, ओ-रिंग नळाच्या. या सिलेंडरचं आयुष्य साधारण दहा वर्षं धरतात. मुदत संपलेला स्पर्धेत चालत नाही. असल्या सिलेंडरमध्ये २०० बार हवा भरून तो पोरीच्या हातात द्यायचा? हा नुसता पैशांचा प्रश्न नाही!

पोलीस ठाण्यात 'पिस्तूल' शब्द ऐकताच तक्रार बाजूला आणि "लायसन्स दाखवा." हे खेळाचं एअर पिस्तूल आहे, सिलेंडर फुटला तर इजा होईल, असं घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. उत्तर काय? "वस्तू मिळाली ना? मग दिवाणी बाब आहे." लेखी द्या म्हटलं तर साहेब बाहेर गेलेत. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकला. म्हणजे चोर मोकळा आणि पुरावे आम्ही गोळा करायचे! खातं गोठवा म्हणून विनवलं, तर अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर.

तारीख स्पष्ट दिसल्याशिवाय एक रुपया देऊ नका. कोचला फोटो दाखवा. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. घासलेला सिलेंडर भरून बघायच्या फंदात पडू नका.

त्याच निळ्या पेटीचे फोटो आता दुसऱ्या ग्रुपवर, दुसऱ्या नंबरवरून २१,००० ला फिरताहेत. दिसले तर स्क्रीनशॉट घ्या. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन लावा, ठाण्यात जाण्याआधी.