तुंबलेल्या संडासासाठी कोणती वायर घ्यावी: उघडी स्प्रिंग, ड्रम की क्लोजेट ऑगर?

रबरी पंप नीट बसवून दहा-पंधरा वेळा मारला तरी कमोडमधलं पाणी उतरत नाही, तेव्हा पुढची पायरी वायरची. हार्डवेअरच्या दुकानात ‘स्प्रिंग द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा वेटोळं केलेली उघडी स्प्रिंग आणि तिला लावायचं झेडच्या आकाराचं हँडल पुढे येतं. ऑनलाइन शोधायला गेलात तर आणखी दोन दिसतात. एक ड्रम ऑगर, ज्यात वायर गोल डब्यात गुंडाळलेली असते. दुसरा क्लोजेट ऑगर: कमरेएवढी लोखंडी नळी, खालच्या टोकाला रबर चढवलेला बाक (वाकवलेला भाग), वर फिरवायचा दांडा आणि नळीच्या आत वायर. तिन्ही मी वापरतो. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच, पण तो प्रत्येक घराला लागू पडेल असं नाही. म्हणून आधी आपल्याकडे नेमकं काय तुंबतं ते पाहा.

फक्त कमोड भरतोय आणि शेजारच्या नहाणी ट्रॅपमधून (फरशीतल्या जाळीखालचा) पाणी नेहमीसारखं जातंय, तर बोळा कमोडच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या वळणात, किंवा त्याच्या लगेच पुढे आहे. कमोडमध्ये बादली ओतल्यावर नहाणीच्या जाळीतून बुडबुडे येत असतील किंवा पाणी वर येत असेल, तर अडथळा दोन्ही पाइप एकत्र होतात त्याच्याही पुढे आहे. खालच्या मजल्यावरही तेच चाललं असेल तर दोष डक्टमधल्या (इमारतीचे पाइप जातात त्या पोकळीतल्या) उभ्या पाइपात किंवा जमिनीतल्या सांडपाण्याच्या चेंबरमध्ये. त्यासाठी घरातली कोणतीच वायर पुरत नाही. डोअर बेंडचं, म्हणजे पाइपाच्या झाकणवाल्या वळणाचं, झाकण उघडून खालून काम करावं लागतं. एवढं न तपासता वायर घेणाऱ्याची चूक लांबीत होते. ‘जास्त फुटांची घेऊ, असू दे घरात’ म्हणून 10 मीटरची घेतली जाते आणि बोळा निघतो दोन फुटांवर.

उघडी स्प्रिंग स्वस्त असते, कुठेही मिळते, आणि सरळ पाइपात तिच्यासारखं काम दुसरं कोणी करत नाही. 75 किंवा 110 मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपात, डक्टच्या बाजूने झाकण काढून आत सोडायची असेल तर 8 ते 10 मिलिमीटर जाडीची स्प्रिंग घ्यावी. त्याहून बारीक स्प्रिंग रुंद पाइपात पुढे जात नाही, स्वतःवरच दुमडते आणि वरून ढकलणाऱ्याला वाटतं की ती आत चालली आहे. हँडलचा स्क्रू पाइपाच्या तोंडापासून 20 ते 30 सेंटीमीटरवर घट्ट करायचा, तेवढी लांबी आत गेली की सैल करून मागे सरकवायचा, पुन्हा घट्ट करायचा. हे अंतर जास्त ठेवलं तर फिरवण्याचा सगळा पीळ बाहेरच्या तुकड्यात साठतो, स्प्रिंगला गाठ पडते, आणि पडलेली गाठ पुन्हा सरळ होत नाही. हँडल फिरतंय पण टोक अडलंय असं हाताला जाणवलं की थांबून थोडी मागे ओढायची.

कमोडमध्ये मात्र तीच स्प्रिंग त्रास देते. ट्रॅपचं पहिलं वळण तोंडापासून लगेच सुरू होतं आणि वर चढतं. उघड्या स्प्रिंगला त्या वळणात दिशा देणारं काही नसतं, म्हणून ती भांड्याच्या काठावर घासत राहते. पांढऱ्या चिनीमातीवर काळ्या रेघा उठतात. त्यातल्या बऱ्याचशा धातूच्या असतात आणि घासून जातात, पण खाली ग्लेझ खरवडला गेला असेल तर तो परत येत नाही आणि घाण तिथेच धरायला लागते.

यापेक्षाही ज्या एका गोष्टीमुळे कमोडसाठी उघडी स्प्रिंग नको असं मी ठरवलं, ती म्हणजे बाहेर काढताना होणारी घाण. 5 मीटर स्प्रिंग आत गेली म्हणजे 5 मीटर स्प्रिंग बाहेर येणार. तिच्या प्रत्येक वेढ्यात मैला आणि पाणी अडकलेलं असतं. फ्लॅटमधला संडास जेमतेम तीन फूट बाय चार फुटांचा. तिथे ती ठेवणार कुठे? एका हाताने ओढायची, दुसऱ्या हाताने वेटोळं करायचं, आणि शेवटचं टोक ट्रॅपमधून सुटलं की स्प्रिंग ताणातून मोकळी होऊन उसळते. शिंतोडे भिंतीवर, दारावर, कपड्यांवर, कधी तोंडावर. नंतर तीच ठिबकणारी स्प्रिंग घरातून मोरीत किंवा बाल्कनीत न्यायची. ट्रॅप मोकळा करायला लागतात पाच मिनिटं आणि फरशी, भिंती, दार फिनाइलने पुसायला अर्धा तास. घरात रांगतं मूल किंवा आजारी माणूस असेल तर हा प्रश्न नुसत्या किळसेचा राहत नाही.

ड्रम ऑगरकडे लोक वळतात ते याच कारणाने. वायर डब्यात परत जाते, हात स्वच्छ राहतात, जागा कमी लागते. बेसिन आणि किचन सिंकसाठी तो मला खरोखर आवडतो. बेसिनचा वेस्ट पाइप 32 मिलिमीटरचा, सिंकचा साधारण 40 चा. ड्रममधली 6 मिलिमीटरची वायर त्यात छान वळते आणि 15 ते 25 फूट लांबी भिंतीतल्या पाइपाला पुरते. सिंकखालचा बॉटल ट्रॅप आधी काढून ठेवावा आणि वायर थेट भिंतीतल्या पाइपात घालावी; ट्रॅपमधून घालायचा हट्ट केला तर ती तिथेच गोल फिरत बसते.

कमोडला तो पुरत नाही. 6 मिलिमीटरची वायर तिथे फारच लवचीक पडते. ओल्या वाइप्सचा किंवा सॅनिटरी पॅडचा बोळा असेल तर टोक त्याच्या कडेने घसरून पुढे जातं, पाणी थोडं उतरतं, काम झाल्यासारखं वाटतं आणि दोन दिवसांत कमोड पुन्हा भरतो. शिवाय घाण डोळ्यांआड गेली तरी ती ड्रममध्येच असते. ओली वायर तशीच बंद ठेवली तर आतून गंजते आणि पुढच्या वेळी डबा उचलताच खालच्या फटीतून काळं पाणी गळतं. प्रत्येक वापरानंतर सगळी वायर बाहेर ओढून, धुऊन, वाळवून, तेलाचं फडकं फिरवून परत भरायची असते. ज्यांना हे नेमाने जमेल त्यांच्या बाबतीत माझी ही तक्रार उरत नाही.

आता क्लोजेट ऑगर. त्यात वायर 3 फूट किंवा 6 फूट असते आणि जाडी 12 मिलिमीटरच्या आसपास. लांबी पाहून ग्राहक नाक मुरडतात, पण कमोडचा ट्रॅप ओलांडायला 3 फूट पुरतात. जाड वायर दबत नाही, म्हणून बोळ्याला खरोखर धक्का बसतो किंवा वायरच्या टोकाचा आकडा (हूक) त्यात रुततो. रबरी बाक ट्रॅपच्या तोंडात टेकतो, वायरला दिशा मिळते आणि भांड्याला लोखंड लागत नाही. पण यातलं कोणतंही कारण माझ्यासाठी निर्णायक नव्हतं. काम झाल्यावर वरचा दांडा ओढला की सगळी वायर भांड्याच्या आतच नळीत परत जाते, हे निर्णायक ठरलं. बाक पाण्यातच ठेवून एक बादली स्वच्छ पाणी ओतायचं, दांडा दोन-तीनदा खालीवर करायचा, पाणी निथळू द्यायचं आणि मगच ऑगर उचलून बादलीत उभा करायचा. भिंतीवर काही उडत नाही.

वापरताना घाई करू नये. भांडं काठोकाठ भरलं असेल तर आधी मगाने थोडं पाणी काढून घ्या. ट्रॅपचं तोंड बुडेल एवढं राहू द्या. फ्लश दाबून पाहायचा मोह टाळा. दांडा पूर्ण वर ओढून वायरचं टोक बाकाच्या तोंडाशी आणा, बाक ट्रॅपच्या दिशेने टेकवा, एका हाताने नळी घट्ट धरा. मग दांडा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवत हळूहळू खाली दाबा. अडलं की जोर वाढवायचा नाही. थोडं मागे, थोडं पुढे करत फिरवत राहायचं. टोकाने काही पकडल्यासारखं जड लागलं तर त्याच दिशेने फिरवत फिरवतच बाहेर ओढा. इथे बरेच जण उलटं फिरवतात आणि आकड्यात आलेला कपडा सुटून परत आत जातो. पाणी उतरल्यावर खात्रीसाठी फ्लश नको, अर्धी बादली ओता. अजून अडलेलं असेल तर निदान फरशीवर येणार नाही.

3 की 6 फूट? कमोडचा ट्रॅप भांड्यातच असतो आणि पुढचा पाइप लगेच डक्टमध्ये जात असेल तर 3 फूट बस. ओरिसा पॅन (उकिडवं बसायचा संडास) असेल, म्हणजे ट्रॅप वेगळा, संकन स्लॅबमध्ये (संडासाखालच्या खोलगट स्लॅबमध्ये) पुरलेला आणि तिथून डक्टपर्यंत आडवा पाइप, तर 6 फुटीच घ्यावा. बोळा बऱ्याचदा त्या आडव्या पाइपाच्या सुरुवातीला बसतो. पॅनमध्ये नळी जवळजवळ उभी धरावी लागते आणि वाकून काम होतं, एवढी गैरसोय आहे.

एका बाबतीत क्लोजेट ऑगरही वापरू नये: टूथब्रश, साबणाची वडी, बाटलीचं झाकण, खेळणं असं कडक काही पडल्याचं माहीत असेल तेव्हा. वायर त्याला पुढे ढकलून आडवं बसवते आणि मग कमोड उचलण्यावाचून गत्यंतर राहत नाही. भिंतीला टांगलेल्या कमोडचं तर ते फारच खर्चिक काम. अशा वेळी हातमोजा घालून तोंडाशी सापडतं का पाहावं, नाहीतर सरळ प्लंबर बोलवावा.

कोणतीही वायर घालण्याआधी घरात विचारा की कुणी ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा ओतलाय का. ओतला असेल तर वायर घालू नका. तुंबलेल्या पाण्यात तो तसाच असतो आणि वायरवरून उडालेला थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. ॲसिडवर ब्लीच तर कधीच ओतू नये, क्लोरीन वायू निघतो. अडथळा चेंबर किंवा सेप्टिक टँकमध्ये निघाला तर सक्शन किंवा जेटिंगची गाडी मागवा. माणसाला आत उतरवू नका. त्यातला विषारी वायू क्षणात जीव घेतो, आणि 2013 च्या कायद्याने अशा धोकादायक सफाईला बंदीही आहे.

तर फ्लॅटमध्ये राहत असाल आणि त्रास मुख्यतः संडासाचा असेल, तर मी तरी क्लोजेट ऑगरच घेईन, किंमत उघड्या स्प्रिंगच्या काही पट असली तरी. बंगला असेल, चेंबर आवारात असेल, पाइप लांब आणि सरळ असतील, तर जाड उघडी स्प्रिंग जास्त उपयोगी. तिथे ती उघड्यावर धुता येते आणि शिंतोड्यांचं कुणाला वाटत नाही. मोरीतल्या केसांसाठी मात्र काहीच विकत घेऊ नका. नहाणी ट्रॅपची जाळी आणि आतला कप काढून केस हाताने उपसले की बहुतेक वेळा पाणी जातं.

दुकानात क्लोजेट ऑगर हातात घेतलात तर दोन गोष्टी तपासा. बाकावरचं रबर हाताने ओढून पाहा. ते सरकत असेल तर चौथ्या-पाचव्या वापरात ट्रॅपमध्येच राहील. आणि दांडा खाली दाबून वायर पूर्ण बाहेर काढा, टोकाची गुंडाळी वायरला वेल्डने जोडलेली आहे की नुसती दाबून बसवली आहे ते बघा. दाबून बसवलेली असेल तर दुसरा नग मागा.