घरात नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कवर सगळ्यांना वापरता येणारी साठवण: तयार डबा घ्यावा की जुना कॉम्प्युटर वापरावा, गोव्याचा पाऊस धरून

बाबांनी कितीतरी वर्षं गावच्या जत्रेतली नाटकं रेकॉर्ड केली होती, आधी व्हीएचएसवर आणि मग हँडीकॅमवर. ती सगळी मी एका एक्स्टर्नल हार्डडिस्कवर उतरवली आणि डिस्क लोखंडी कपाटात ठेवून दिली. दोन पावसाळे गेले, गणेश चवथीला सगळे जमले म्हणून काढली तर कनेक्टरवर हिरवट थर आणि डिस्क फिरायलाच तयार नाही. अर्धी नाटकं जुन्या लॅपटॉपवर होती म्हणून वाचली, बाकीची गेली ती गेलीच. त्यानंतर मी आधी जुना पीसी नॅस म्हणून वापरला आणि आता दोन डिस्कवाला तयार डबा वापरतो, त्यामुळे दोन्हींबद्दल हातचं सांगतोय.

राउटरच्या यूएसबीला डिस्क लावायचा सोपा मार्ग आहे, पण एकच डिस्क असते, ती गेली की संपलं, सिनेमे ठेवायला ठीक आहे. रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) ज्यांना हौस आहे त्यांनी जरूर करावा, फक्त पाय 4 च्या सगळ्या यूएसबी पोर्टांना मिळून 1.2 अँपियरच मिळतात, दोन डिस्क त्यावर नीट चालत नाहीत, मग वेगळा पॉवरवाला हब, वेगळे अडॅप्टर, आणि घरातलं कोणीतरी झाडू मारताना एक वायर काढतं.

म्हणजे खरी निवड दोघांतच आहे. सिनॉलॉजी किंवा क्यूनॅप कंपनीचा दोन बेचा (दोन डिस्क बसतील असा) डबा, नाहीतर घरातला जुना पीसी आणि त्यावर ट्रूनॅस किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट हे नॅसचं सॉफ्टवेअर.

पीसीची बाजू आधी सांगतो कारण ती खरंच दमदार आहे. सॉफ्टवेअर फुकट, आणि ट्रूनॅसमधली झेडएफएस ही फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) डेटाच्या प्रत्येक तुकड्याचा चेकसम, म्हणजे पडताळणीचा आकडा, ठेवते, त्यामुळे एखादा फोटो आतून खराब झाला तर तिला कळतं आणि मिररमधल्या (दोन डिस्कवर तोच डेटा ठेवतात तो) दुसऱ्या डिस्कवरून ती दुरुस्तही करते. किमान 8 जीबी रॅम लागते, शिवाय बूटसाठी वेगळी छोटी एसएसडी, कारण त्या डिस्कवर डेटा ठेवता येत नाही. आणि काही बिघडलंच तर एसएमपीएस (पॉवर सप्लाय) काय, बोर्ड काय, पणजीत नाहीतर मडगावात लगेच मिळतो.

पण दिवसरात्र चालू ठेवायचं म्हटलं की हिशोब बदलतो. माझा जुना पीसी 60 वॅटच्या आसपास खायचा, म्हणजे महिन्याला 43 युनिट, आणि दोन डिस्कचा डबा 20 वॅट धरला तर 14-15 युनिट. बिलाचं एकवेळ सोडा, पीसीच्या मोठ्या जाळ्यांतून आत काय काय जातं ते गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको. जूनमध्ये मुंग्यांनी अंडी घेऊन थेट बोर्डावर बस्तान मांडलं होतं, आणि नंतर एकदा एसएमपीएसमध्ये पाल शिरली, फट्ट असा आवाज आला आणि सगळं बंद. डिस्क वाचल्या, पण त्या दिवशी मी ठरवलं की पुरे.

तयार डब्यात सिनॉलॉजीचं डीएस223जे आणि डीएस223 ही दोन नावं सारखी दिसतात, फरक मात्र मोठा आहे. जे वाल्यात 1 जीबी रॅम आणि फक्त ईएक्सटी4 ही फाइल सिस्टीम, साध्या 223 मध्ये 2 जीबी आणि बीटीआरएफएस ही फाइल सिस्टीम, त्यामुळे स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या फाइलींची नोंद) घेता येतात. मुलाने चुकून फोल्डर डिलीट केला तरी कालचा परत आणता येतो, एवढ्यासाठी तरी साधा 223 घ्या. डबा जळला तर काय, ही भीती मलाही होती. बाकी काही नाही, डिस्क दुसऱ्या सिनॉलॉजीत घालता येतात, नाहीतर लिनक्सवर वाचता येतात, डेटा अडकून पडत नाही. क्यूनॅप हार्डवेअरला चांगला, पण 2021 मध्ये क्यूलॉकर या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने इंटरनेटला उघड्या असलेल्या क्यूनॅपमधल्या फाइली पासवर्ड लावून बंद केल्या होत्या, तेव्हा कुठलाही घ्या, राउटरवर पोर्ट उघडू नका. बाहेरून बघायचं असेल तर टेलस्केल (आपलीच उपकरणं सुरक्षितपणे जोडणारं व्हीपीएन) टाका, बऱ्याच कनेक्शनवर पब्लिक आयपी मिळतच नाही, तिथेही ते चालतं.

डिस्क घेताना सीएमआर बघा, म्हणजे जिच्यात डेटाच्या पट्ट्या एकमेकींवर चढत नाहीत ती. आयर्नवुल्फ किंवा डब्ल्यूडी रेड प्लस चालेल, पण नुसतं डब्ल्यूडी रेड लिहिलेलं असेल तर त्यात एसएमआर (पट्ट्या एकमेकींवर चढवलेली) निघू शकते आणि मिरर परत बांधायला ती फार रडवते.

आता बसवायचं कुठे, ह्यावर जास्त वेळ घाला. पावसाच्या तोंडाला असलेली चिऱ्याची भिंत चार महिने ओली असते, तिला टेकवून ठेवू नका, बंद कपाटातही नको. आणि पावसाळ्यात बंद करून ठेवणं तर अजिबात नको, चालू डिस्क कोमट राहते म्हणून ओल धरत नाही, माझी पहिली डिस्क बंद राहूनच गेली. चिऱ्यातून वायफायही नीट जात नाही, तेव्हा डबा राउटरला केबलनेच जोडा, आणि राउटरचा पोर्ट गिगाबिट आहे ना ते आधी बघा. 1 टीबी भरायला गिगाबिटवर अडीच तास लागतात, 100 एमबीपीएसच्या पोर्टवर अख्खा दिवस.

यूपीएस घेतल्याशिवाय नॅस घेऊच नका. मे महिन्यात गडगडाट सुरू झाला की लाइट जाते, येते, परत जाते, डिस्क लिहीत असताना हे झालं की फाइल सिस्टीम बिघडते. यूएसबी डेटा पोर्टवाला यूपीएस असेल तर बॅटरी उतरत आली की डबा आपोआप नीट बंद होतो (ट्रूनॅस आणि ओपनमीडियाव्हॉल्टमध्येही ही सोय आहे). घरात इन्व्हर्टर असला तरी तो डब्याला हे कळवत नाही. आणि वीज कडाडायला लागली की माझी आई अजून प्लग काढायला सांगते, ती बरोबरच सांगते, डबा आधी शटडाउन करा, मग यूपीएसचा प्लग आणि राउटरची केबल दोन्ही काढा, फायबर आलं म्हणून वीज राउटरच्या अडॅप्टरमधून यायची थांबत नाही.

दोन डिस्कचा मिरर म्हणजे बॅकअप नव्हे, वीज पडली तर दोन्ही एकदम जातील. म्हणून मी तिसरी डिस्क पेडण्याला बहिणीकडे ठेवलीय, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. चवथीला ती येताना घेऊन येते, नवीन फोटो चढवतो, आणि माटोळी (गणपतीच्या वर बांधतात ती फळाफुलांची सजावट) बांधून झाली की बाबांचं एक नाटक त्याच डिस्कवरून टीव्हीवर लावतो, पहिल्या अंकापासून शेवटपर्यंत, म्हणजे डिस्क धड आहे हेही कळतं.