डार्कटेबल: रॉ छायाचित्रांसाठी मोफत आणि भक्कम सॉफ्टवेअर

ठाणे खाडीतील फ्लेमिंगोंची छायाचित्रे रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या सेन्सरने टिपलेली माहिती प्रक्रिया न करता साठवणाऱ्या फाइलमध्ये) टिपून ती डार्कटेबल या मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये एडिट केली की रॉचे खरे मोल लक्षात येते. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पातळ्या असतात, तर 14 बिट रॉमध्ये 16,384; त्यामुळे उन्हात चमकणारी पांढरी-गुलाबी पिसे आणि त्यांखालचा काळपट चिखल, या दोन्हींतला तपशील एकाच चित्रात सांभाळता येतो. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्राच्या बोटीतून घेतलेल्या एका चित्रात पक्ष्याची मान सपाट पांढरी दिसत होती. एक्स्पोजर (चित्राचा उजेड) थोडे उतरवताच तिच्यावरच्या पिसांच्या कडा वेगवेगळ्या उमटल्या. अर्थात, सेन्सरवर तिन्ही रंग पूर्ण जळाले (अति उजेडाने त्यांतला तपशील पुसला गेला) असतील तर रॉमधूनही काही परत मिळत नाही. व्हाइट बॅलन्सही (प्रकाशानुसार रंगांचा तोल) मागाहून, दर्जा न गमावता बदलता येतो.

हे सॉफ्टवेअर मूळ फाइलला हात न लावता सगळे बदल शेजारच्या एक्सएमपी फाइलमध्ये नोंदवते, ही मला सर्वांत मोलाची बाब वाटते. मॉड्यूलांची (एकेका कामासाठीच्या साधनांची) गर्दी मात्र नवख्याला गोंधळात टाकते आणि जुन्या लॅपटॉपवर काम रेंगाळते. सुरुवातीला एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स आणि नॉइज (चित्रात दिसणारे नको असलेले ठिपके) कमी करणे एवढेच शिकून घ्यावे.