सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट: ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) बरेच महिने वापरल्यावर

ओटी सिस्टर आहे, डब्ल्यूएचओची ही चेकलिस्ट आमच्याकडे मीच वाचते, म्हणून लिहितेय. एक पान, १९ मुद्दे, तीन थांबे. भूल द्यायच्या आधी साइन इन, चिरा घ्यायच्या आधी टाइम आउट, पेशंट बाहेर न्यायच्या आधी साइन आउट. २००८ पासून आहे, फुकट आहे.

सुरुवातीला सगळे वैतागले, अजून एक फॉर्म म्हणून, त्यात टाइम आउटला प्रत्येकाने नाव आणि काम सांगायचं म्हटल्यावर तर हशाच, रोज एकत्र चहा पिणारी माणसं आम्ही. पण खरी गंमत त्यातच आहे, एकदा तोंड उघडलं की माणूस पुढेही बोलतो. एका केसला मी विचारलं, अँटिबायोटिक चिऱ्याआधीच्या ६० मिनिटांच्या आत दिलंय ना? सर म्हणाले हो, फाइलवरही टिक. तेवढ्यात ओटीतले मामा, म्हणजे आमचे मदतनीस, कोपऱ्यातून म्हणाले, "सिस्टर, ते सकाळी वॉर्डात दिलंय, आधीची केस लांबली ना." वेळ बघितली तर खरंच दोन तास उलटून गेलेले. भूलतज्ज्ञ मॅडमनी परत डोस दिला, मग चिरा. एरवी मामा सरांसमोर बोललेच नसते हो.

आकडे पण सांगते. २००९ मध्ये आठ शहरांतल्या हॉस्पिटलांचा अभ्यास आला, दिल्लीही त्यात होती, कॉम्प्लिकेशन्स ११ टक्क्यांवरून ७ वर आणि मृत्यू १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आले. त्या टीमचे सर्जन अतुल गावंडे म्हणजे वडिलांकडून आपल्या यवतमाळचे बरं का! पण २०१४ ला कॅनडातल्या ऑन्टारियोत १०१ हॉस्पिटलं तपासली तर मृत्यूंत म्हणावा असा फरकच नाही. आमचे एक सर हा पेपर मोबाइलवर काढून दाखवायचे, बघा, काही उपयोग नाही. मला वाटतं कागद भरणं वेगळं आणि थांबून मोठ्याने वाचणं वेगळं. गर्दीच्या दिवशी आमच्याकडेही टिकमार्क नंतर एकदम मारले जातात, मग ती चेकलिस्ट कसली.

साइन आउट सगळ्यात लंगडं. मॉप-गॉजचा (रक्त टिपायच्या कापडांचा) काउंट होतो, पण बायोप्सीच्या डबीवरचं नाव वाचेपर्यंत सर्जन ओपीडीत पोचलेले असतात. आता डबीचं लेबल वाचल्याशिवाय सरांनी ग्लोव्हज काढायचे नाहीत असं ठरलंय, निम्म्या केसेसना पाळतात. पाचात चार स्टार देईन.